उशिरा पडलेली ठिणगी

२००४ सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे १९९४ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० होती. नारपोलीहून जुन्या आग्रा रोडने ठाण्याला जाताना सपाट रस्त्यावरही ती मरगळल्यासारखी चालायची, पेट्रोल जास्त प्यायची, वर तापायची. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडला, टायमिंग लाइट लावून पाहिला. आयडलिंगला टायमिंग अचूक! मी तर गाडी विकायलाच निघालो होतो.

बाबांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. गाडी त्यांनी कधी चालवली नाही. पण बॉनेट उघडं दिसलं की येऊन उभे राहायचे आणि मी उगाच वैतागायचो. त्या रविवारी त्यांनी विचारलं, "ठिणगी नेमकी कधी पडते रे?"

सांगावंच लागलं. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी. वेग वाढला की अजून आधी पडायला हवी, ते डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बघतात. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असला की मिश्रण सावकाश जळतं, म्हणून तेव्हाही आधी. ते काम एका पातळ पडद्याचं. इंजिनची ओढ नळीतून येऊन त्याला खेचते. (डिस्ट्रिब्युटरवाल्या टर्बो गाड्यांत उलटं. हवा दाबून भरलेली, म्हणून तिथे पडदा ठिणगी उशिरा पाडतो, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं.)

"म्हणजे धोट्यासारखंच. वेळेवर सुटला नाही तर ताण्यात अडकतो." एवढं बोलून बाबांनी नळी कार्ब्युरेटरकडून काढली आणि सरळ तोंडात धरली. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायची सवय, दुसरं काय! दोनदा ओढलं आणि खोकत बसले.

"धरत नाही. का माझाच दम पुरत नाही? तू बघ."

मी ओढलं. हवा येतच राहिली. पडदा धड असता तर नळीचं टोक जिभेला चिकटून राहिलं असतं. तो फाटला होता. आयडलिंगला तिथे ओढ पोचतच नाही, म्हणून टायमिंग लाइटला काही दिसलं नव्हतं.

नवा पडदा बसवला आणि गाडी सुधारली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. सुताबरोबर किती वर्षं कापसाची कुसं छातीत गेली असतील? गाडीसाठी मी चार हेलपाटे घातले. त्या खोकल्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्याच गाडीतून त्यांना ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. कशेळीच्या पुलावर काच खाली करून म्हणाले, "आता बरी पळतेय."

मी नुसती मान हलवली.