लेबल काय सांगतं, काय नाही

जुनं काचेचं भांडं हातात आलं की मी आधी ते उलटं करून बूड पाहतो. आमच्या गोव्यात तारवटी मंडळींच्या घरी शोकेसमध्ये परदेशी काच हमखास सापडते, आणि कधीकधी तिच्यावरचं इवलंसं लेबलही टिकून असतं. उत्तर युरोपातल्या काचेच्या बाबतीत ते लेबल म्हणजे निम्मी जन्मपत्रिकाच.

सुरुवात भाषेपासून करावी. काचेच्या कारखान्याला स्वीडिशमध्ये 'ग्लासब्रुक' म्हणतात, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये 'ग्लासवेर्क'. 'लासी' हा शब्द दिसला तर काच फिनलंडची. मग चिन्ह पाहावं. लिंक्स हे रानमांजर दिसलं तर तो फिनलंडमधला रीहिमाकीचा कारखाना. लाल वर्तुळात रोमन लिपीतला छोटा पांढरा 'आय' असेल, तर ईट्टाला. हा कारखाना १८८१चा, पण ते चिन्ह टिमो सार्पानेवा यांनी १९५६ साली तयार केलं. म्हणजे असं लेबल असलेलं भांडं त्याआधीचं नसणार. असलंच, तर लेबल मागाहून चिकटवलेलं. म्हणून एकट्या लेबलावर विसंबू नये. घडणीनंही तीच साक्ष द्यायला हवी.

आमच्या शेजारच्या आजींकडे अशा लेबलाचे सहा ग्लास आहेत. त्यांचे यजमान जहाजावर होते. "हे स्वीडनहून आणले," असं ते जन्मभर सांगत. ते वारल्यावर नातवानं लेबलावर 'फिनलंड' वाचलं आणि हसत म्हणाला, "आजोबांनी थाप मारली!" आजी गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

ग्लास वितळत्या बर्फासारखे खडबडीत होते. टापिओ विर्कला यांनी ईट्टालासाठी केलेलं, १९६८ साली बाजारात आलेलं 'अल्टिमा थुले'. घडण आणि लेबल दोन्ही जुळत होतं, काच फिनलंडचीच. पण वस्तू कुठे घडली एवढंच लेबल सांगतं, कुठे विकत घेतली ते सांगत नाही. शेजारच्या देशाची काच स्वीडनच्या बंदरातल्या दुकानात मिळाली, तर त्यात नवल ते काय? आपल्याकडे मुरादाबादचं पितळ म्हापशाच्या बाजारात मिळतंच की!

मी हे सांगितलं तेव्हा आजींनी एवढंच विचारलं, "म्हणल्यार तो फट उलयलो ना?"

"ना, आजी."

नातवानं काही न बोलता ग्लास पुसून शोकेसमध्ये ठेवले.

तुमच्या घरीही अशी काच असेल तर लेबल खरवडू नका, पाण्यात भिजवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. आणि आणणारं माणूस हयात असेल तर आजच विचारा: कुठून आणलं, कोणासाठी, कुठल्या साली? ते चिठ्ठीवर लिहून भांड्यात ठेवा. कारखान्याचं नाव शोधून काढता येतं. ही चिठ्ठी मात्र घरच्यांनीच लिहायला हवी.