एका माणसाचं बांधकाम खातं

नवी मुंबईतल्या तळवली गावठाणात मोकळी भिंत दिसली की तिच्यावर फ्लेक्स: वाढदिवस, हळदी, इच्छुक उमेदवार, मधेच प्रकल्पग्रस्तांचा मेळावा. भातशेती सिडकोकडे गेली, गावठाण तेवढं उरलं. चित्रकार-कलावंत तुषार जोगांच्या कामाबद्दल लिहायला ही जागा वाईट नाही.

*

जन्म १९६६. आधी जे. जे., मग बडोदा, पुढे अ‍ॅमस्टरडॅमची राइक्स अकादमी. परत आल्यावर शर्मिला सामंत वगैरे कलावंतांबरोबर ‘ओपन सर्कल’ या गटाचं काम.

*

मग ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’. सार्वजनिक कामांचं खातं, कर्मचारी एक. साहेब तेच, शिपाईही तेच. या खात्यानं लोकलबाहेर लटकणाऱ्यांसाठी साधनं आखली. गर्दी हटणार नाही हे गृहीतच, तेव्हा निदान नीट लटका. आधी हसू येतं. मग इथल्या रबाळे स्टेशनात सकाळची ठाणे गाडी येते आणि वाटतं, मिळालं असतं तर घेतलं असतं. त्यांच्या विनोदाची खरी ताकद इथे आहे: त्यांची योजना सरकारी योजनेपेक्षा फार वेडी वाटत नाही.

एक खटकतं. लटकणारा आर्ट गॅलरीत जातो कधी?

*

मुंबईचं शांघाय करायची भाषा जोरात होती. जोग २०१० साली मोटारसायकलनं शांघायलाच निघाले. गाडीचं नाव रोसिनांते, डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचं. वाटेत नर्मदेवरचं सरदार सरोवर आणि चीनमधलं थ्री गॉर्जेस, दोन्ही धरणं. ५३ दिवस. शहर उजळायचं तर पाण्याखाली कोण जातं, हे बघत जाण्याचा प्रवास.

इकडे तळवलीत कुणी बुडालं नाही. घर जागेवर राहिलं, शेत गेलं. त्या शेताच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. इथल्या म्हाताऱ्यांना नर्मदा समजावून सांगावी लागणार नाही.

*

डिसेंबर २०१० मध्ये मानवी हक्क कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना राजद्रोहाच्या खटल्यात जन्मठेप झाली. त्यानंतर जोगांनी, न्यायव्यवस्थेवरचा आणि लोकशाहीवरचा विश्वास ढळू देणार नाही, अशा अर्थाचं एकच वाक्य हातानं पुन्हा पुन्हा लिहून काढलं. शाळेत शंभर वेळा लिहायची शिक्षा असते तसं. इथे शिक्षा स्वतःलाच. मला त्यांचं हे काम सगळ्यात जास्त पटतं. साधन काही नाही, चमक नाही. आणि लिहिताना बोट दुखलं की विश्वास पक्का होतो का पातळ, हे ते सांगत नाहीत.

*

डिसेंबर २०१८ मध्ये जोग गेले. बावन्न म्हणजे काही वय नव्हे.

*

त्या लटकण्याच्या साधनांचे आराखडे रबाळे स्टेशनात लावायला हवेत. स्टेशन बांधलं सिडकोनं, गाड्या रेल्वेच्या. म्हणजे परवानगी कुणाची, इथूनच अर्ज सुरू. तो युनिसेलच्या लेटरहेडवरच जावा.