रुळाकडेचा खटका

खेळण्यातल्या आगगाडीकडे पाहणाऱ्याची दृष्टी सहसा डब्यावरच खिळते. लायोनेल या अमेरिकन कंपनीने 1960 मध्ये बाजारात आणलेल्या एका वाघिणीच्या छपरातून जिराफाची मान बाहेर डोकावत असे. दोऱ्यांची झालर टांगलेला खांब आला की जिराफ मान आत घेई. खांब मागे पडताच पुन्हा वर काढी. ही झालर खऱ्या रेल्वेतून उचललेली होती. अमेरिकेत मालगाडीच्या टपावर उभ्या असलेल्या ब्रेकवाल्याच्या अंगाला पुलाआधी अशा दोऱ्या लागत आणि तो खाली वाके.

खेळण्यात मात्र दोऱ्या केवळ शोभेच्या. रुळालगत एक उंचवट्याची पट्टी बसवलेली असे. डब्याच्या पोटाखालची दांडी तिला घासून सरके आणि मान हले. जिराफाचे सारे शहाणपण त्या रुळाकडेच्या खटक्यात साठवलेले होते. म्हणूनच हा डबा दुसऱ्या घडणीच्या रुळांवर आणला की जिराफ मख्ख उभा राहतो. हौशी माणूस प्रथम डबा उघडून पाहतो. दोष तेथे सापडत नाही. रुळाची उंची बदललेली असते, खाली प्लास्टिकचा तळ आलेला असतो, आणि खटका दांडीपर्यंत पोचत नाही. मग पट्टीखाली पुठ्ठ्याची घडी सारावी, कोपरा कानशीने घासावा, डबा हाताने पुढेमागे ढकलून पाहावा. खटका केसभर खाली राहिला तर मान हलत नाही; केसभर वर आला तर डबा रुळावरून उतरतो. चढ लांबट ठेवला तर जिराफ अदबीने वाकतो, आखूड ठेवला तर दचकतो.

गावांचेही काहीसे असेच असते. बंगाल-नागपूर रेल्वेने 1900 मध्ये रायपूरहून धमतरीला अडीच फुटी रूळ टाकले. अभनपूरहून एक फाटा राजिमला जाई. ही लहानखुरी गाडी रायपूर शहरातून, तेलीबांध्यावरून जात असे. ती येणार म्हटले की फाटक लागे, सायकली थांबत, डोईवरच्या टोपल्या खाली उतरत, अनोळखी माणसे दोन शब्द बोलत. ही सवय शहराच्या अंगात दिसे. तिचा खटका रुळात होता. 2017 मध्ये शहरातली गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले आणि त्या पट्ट्यावर द्रुतगती मार्ग झाला. वाहतुकीची सोय झाली, हे खरेच. थांबण्याचे कारण तेवढे उरले नाही.

नॅरोगेजची इंजिने नागपूरला मोतीबागेच्या संग्रहालयात 2002 पासून जपलेली आहेत. लघुरेल्वेची हौस मराठी माणसाला किती दूर नेऊ शकते, हे पुण्यात कोथरूडला 1998 मध्ये खुल्या झालेल्या जोशी यांच्या संग्रहालयात दिसते. उद्या कोणी रायपूरच्या त्या मार्गाची प्रतिकृती घडवू लागला, तर इंजिनाचे माप त्याला मिळेल, रुळाचेही मिळेल. फाटकाचा खटका फाटकापासून किती अंतरावर बसवावा, हे मात्र त्याला कोणत्याही नकाशात सापडणार नाही. ते अंतर म्हणजे माणसांनी थांबण्यात घालवलेला वेळ. आणि तो ठाऊक असलेली माणसे तेलीबांध्यापाशी दिवसेंदिवस विरळ होत आहेत.