पूर्ण नाव

जपानीत लहानपणापासूनच्या सोबत्याला ‘ओसानानाजिमी’ म्हणतात. ‘बालमित्र’ म्हटलं, तर ती सवयीची ऊब हातातून निसटते. मित्सुरु अदाची यांच्या ‘टच’ (१९८१-८६) या मांगामध्ये जुळे भाऊ आणि शेजारची मिनामी एकत्र वाढतात. काझुयाचंही तिच्यावर प्रेम. तो अपघातात गेल्यावर तात्सुयाची जीभ आणखीच जड होते. अखेर तो बोलतो, ते स्वतःचं आणि तिचं पूर्ण नाव घेऊन, हजेरीपटावरून वाचल्यासारखं.

मराठीत प्रेम ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतं. माझं ज्याच्यावर होतं, त्याला मी बालवाडीपासून ‘अरे’ म्हणत आले. जवळ जायला पायरीच उरली नव्हती. तात्सुया एक पायरी मागे सरकून बोलला. मला ते सुचलं नाही. त्याचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं ते लग्नपत्रिकेवर.