वरून भुरभुरलेला हॉप

फिक्या लागर बिअरला ग्लासात ओतता ओतता हॉपचा वास देता येतो, कडवटपणा मात्र देता येत नाही. या युक्तीवर खूश असणारे आणि नाक मुरडणारे, दोघंही नेमकं हेच विसरतात असं मला वाटतं. हॉपचं वाळलेलं फूल तळहातावर चोळलं की पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी, चिकट धूळ दिसते. तिच्यात राळ असते आणि सुगंधी तेलं असतात. राळेतली अल्फा आम्लं थंड बिअरमध्ये जेमतेम विरघळतात. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि तेव्हा कुठे खरा कडवटपणा उतरतो. तेलांचं उलट. उकळताना ती वाफेबरोबर उडून जातात, थंडीत टिकतात. पातेल्यात शिजलेलं आलं आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांची कामं आपण एकमेकांवर ढकलत नाही, तसंच हे.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या डॉगफिश हेड ब्रुअरीच्या सॅम कॅलाजोनी यांनी 2002 साली पाण्याच्या फिल्टरच्या नळकांड्यात हॉपची अख्खी फुलं ठासली आणि केगमधली बिअर त्यातून नळापर्यंत नेली. या उपकरणाचं नाव रँडल. अडचण आली ती फेसाची. फुलांच्या खडबडीत अंगावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे भराभर सुटतात आणि ग्लासात बिअरपेक्षा फेसच जास्त येतो. म्हणून पुढच्या रँडलला फेस शमवायला दुसरं नळकांडं जोडावं लागलं. घरी हेच काम कॉफीच्या फ्रेंच प्रेसमध्ये होतं: अर्धा लिटर गार बिअर, दोनेक ग्रॅम फुलं, पाच-सात मिनिटं. भांडं मोठं घ्यावं, कारण फेस इथेही चढतोच. हॉपच्या दाबलेल्या गोळ्या मात्र नकोत. त्या फुगून विरघळतात आणि जाळीतून हिरवा गाळ खाली येतो.

कारखान्यात हॉप टाकीत काही दिवस मुरवतात, मग पाच मिनिटांत काय साधणार, हा आक्षेप रास्त आहे. कमीच साधतं, आणि चवीला जरा गवताळ कच्चेपणाही येतो. पण बाटलीतला वास साठवणीत दिवसेंदिवस विरतो, थोडा तर बुचाच्या अस्तरातच मुरतो. इथे तो निघाल्या क्षणी नाकाशी असतो. दुसरा आक्षेप शुद्धतेचा: बनवणाऱ्यानं दिली तशीच प्यावी. बर्लिनमध्ये आंबट बर्लिनर वाइसमध्ये रासबेरीचं लाल किंवा वुडरफचं हिरवं सरबत ग्लासातच घालतात, आणि त्यानं कुणाचा धर्म बुडत नाही. तिसरा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो: माल्टच पातळ असेल तर नुसत्या वासानं बिअरला अंग येत नाही. मान्य. म्हणून फिकी पण स्वच्छ, ताजी लागर निवडा. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारणाऱ्या शिळ्या बिअरवर हॉप वाया घालवू नका.