कळकलेली वायर

नालासोपाऱ्याहून राजोडीला येताना आज पुन्हा हेडलाइट मिणमिणला. सुरूच्या बनाजवळ सायकलवरचे म्हातारबाबा अगदी पुढ्यात आल्यावर दिसले. छातीत धस्स झालं.

बल्ब गेल्याच महिन्यात बदललाय, म्हणून घरी आल्यावर आधी मीटर लावला. दिवा चालू ठेवून बॅटरीवर १२.४ व्होल्ट, होल्डरवर जेमतेम १०. बाकीचे वाटेतच मुरत होते. हॅलोजनला एवढी घट पडली की उजेड निम्म्यावर येतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या अर्थिंगला एक सुटी वायर लावून पाहिली आणि समोरची भिंत लख्ख उजळली! दोष अर्थिंगचाच. टाकीखालचा बोल्ट सोडला, तर तांब्याचं टोक हिरवंगार कळकलेलं, बोटाला पांढरट पूड. समुद्र हाकेवर; आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत. पॉलिश पेपरने धातू चकचकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. माझी गाडी त्याआधीची, पण उद्यापासून मी तो दिवसाही लावणार.

बाबांच्या सायकलीला रेडियमही नव्हतं. एक पट्टी डिकीत टाकून ठेवलीय.