जुनी रॅले: पारख, डागडुजी आणि वापर

भारतात सापडणाऱ्या जुन्या सायकलींचे ढोबळ दोन वर्ग पडतात. एक, इंग्लंडहून बोटीने आलेल्या. दुसरा, स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे बनू लागलेल्या. पहिल्या वर्गात नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलस आणि फिलिप्स, शिवाय हंबर आणि रज ही नावे येतात. दुसऱ्यात मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय कंपनीने काढलेल्या सायकली, सोनीपतची ॲटलास आणि लुधियानाची हिरो. घडण सगळ्यांची एकाच कुळातली: ताठ बैठक, 28 इंची चाके, तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर आणि वीस किलोच्या आसपास वजन. दूधवाल्यापासून मामलेदार कचेरीतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी हीच सायकल हाणली.

रंग उडालेला आणि पुढचा बिल्ला गायब असला तरी घराणे ओळखता येते. रॅलेच्या पुढच्या दातेरी चक्रात बगळ्याच्या माना कोरलेल्या असतात, रजच्या चक्रात हाताचा पंजा, बीएसएच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. ही कंपनी मुळात बंदुका बनवणाऱ्यांचीच. हंबर तर लांबूनही कळते, कारण तिच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी एकेरीऐवजी जोडनळ्या असतात. विकणारा ‘ओरिजनल इंग्लंड’ म्हणून जे सांगतो त्यापेक्षा हे चक्र जास्त खरे बोलते. अर्थात चक्रही बदललेले असू शकते, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

पुण्यात अशा सायकली जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी दिसतात, मुंबईत चोर बाजारात. पण तिथली सायकल बहुधा तीन-चार सायकलींचे अवयव जोडून उभी केलेली असते. एकाच घरात, एकाच माणसाच्या हाताखाली झिजलेली सायकल हवी असेल तर वाडे, बंगल्यांची गॅरेजे आणि बंद पडलेली दुकाने धुंडाळावी लागतात. प्रस्तुत लेखकाची रॅले सदाशिव पेठेतल्या, बिल्डरकडे जायला निघालेल्या वाड्यातून आली. मालकीणबाईंनी किमतीची घासाघीस केली नाही. “ह्यांची सायकल आहे. शोभेला टांगणार असाल तर राहू दे, चालवणार असाल तर न्या,” एवढी एकच अट त्यांनी घातली. दांडीला नगरपालिकेच्या सायकल-कराचा पितळी बिल्ला अजून तारेने बांधलेला होता. तो काढू नये. असले बारीकसारीक पुरावे नव्या रंगापेक्षा मोलाचे असतात.

घेण्यापूर्वी पाहायचे ते लोखंड, रंग नव्हे. सायकल बाजूने धरून एक डोळा मिटून पाहिले की चिमटा मागे सरकलेला आहे का ते कळते. पुढे आदळलेल्या सायकलीच्या खालच्या नळीवर, हेडच्या जोडापाशी, रंगाला बारीक सुरकुती पडलेली असते. तिथे बोट फिरवले तर फुगवटा लागतो. अशी फ्रेम भंगाराच्या भावानेही घेऊ नये. दुसरी तपासणी सीटच्या दांड्याची. तो फ्रेममध्ये गंजून एकजीव झाला असेल तर पुढचे कित्येक आठवडे त्यातच जातात. बाकी गंजलेल्या रीम, फाटलेले सीट, तुटलेले मडगार्ड यांना घाबरण्याचे कारण नाही, पण भाव पाडायला ती उपयोगी पडतात. उंचीही पाहावी. 24 इंची फ्रेम हे उंच माणसाचे काम. मध्यम बांध्याच्या माणसाला 22 इंची बरी. दांडीखालून पाय घालून चालवण्याचे वय सरलेले असते.

सायकलचे वय विचारावे ते मागच्या हबला. रॅलेच्या बऱ्याच सायकलींना स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असतो. त्याच्या पत्र्यावर नमुन्याचे नाव आणि शेजारी सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. लेखकाच्या सायकलच्या हबवर ग्रीस आणि धुळीचा बोटभर थर होता. तो रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर ‘एडब्ल्यू’ आणि खाली 54 दिसले. चाक मागाहून बदललेले नसेल तर सायकल 1954 ची किंवा फार तर पुढच्या वर्षीची, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. बैठकीच्या जोडावरचा फ्रेम नंबर टिपून ठेवावा; चोरी झाली तर तोच कामाला येतो.

उघडण्याच्या कामात खरी परीक्षा घेते ती कॉटर पीन. जुन्या सायकलींत क्रँक ॲक्सलवर या तिरक्या तासलेल्या पिनेने आवळलेला असतो. पन्नास-साठ वर्षांत तेल-पाणी खाऊन ती तिथेच चिकटते. गल्लीतला मिस्त्री हातोडा घेऊन थेट ठोकायला लागतो, आणि मग पिनेचे टोक चेपून तिची फुले होतात, धक्का छऱ्यांवर जाऊन कटोरीला खड्डे पडतात. योग्य पद्धत अशी: आदल्या रात्री पिनेला पातळ तेल सोडावे. नट पूर्ण काढू नये. पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवावा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली पिनेच्या डोक्याच्या मापाचा लोखंडी पाइप उभा जमिनीला टेकवावा, म्हणजे मार पाइपवरून जमिनीत जाईल. मग जड हातोड्याचा एकच नेमका घाव. दहा हलक्या टपल्यांनी पीन फक्त फुगते. लेखकाच्या सायकलची डावी पीन अशी पहिल्या घावात निसटली. उजवीला ड्रिल लावावे लागले.

नवी पीन सायकलच्या दुकानात सहज मिळते, पण ती मापाला कानशीने घासून बसवावी लागते. दोन्ही पिनांचा उतार सारखा हवा आणि त्या उलटसुलट दिशांनी घालायला हव्यात, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडल्यासारखा वाटतो. बॉटम ब्रॅकेटच्या कटोऱ्या बदलायच्या झाल्या तर सावध राहावे. रॅलेने आपले आटे इंचाला 26 ठेवले होते, बाकी बहुतेक इंग्रजी सायकलींना 24. बाजारातली कटोरी दोन फेरे सहज जाते आणि मग अडते. तिथे जोर केला की फ्रेमचे आटे कायमचे गेले. जुनी कटोरी गुळगुळीत असेल तर तीच ठेवावी आणि छर्रे मात्र सगळे नवे घालावेत. दोन्ही बाजूंना पाव इंची 11-11, मागच्या साध्या हबला 9-9. एकही जुना छर्रा नव्यांत मिसळू नये, कारण त्याचे माप झिजलेले असते.

गिअरचा हब उघडण्याची गरज बहुधा पडत नाही, आणि या हबइतकी सरळ यंत्ररचना दुसरी क्वचितच सापडेल. 1936 साली आलेल्या एडब्ल्यूमध्ये ॲक्सलवर 20 दातांचे एक चक्र पक्के बसवलेले असते. त्याभोवती चार छोटी चक्रे फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढून आतून 60 दाते असलेले कडे असते. चेनचा जोर कधी कड्याला मिळतो, कधी छोट्या चक्रांच्या पिंजऱ्याला. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये चाक एक तृतीयांशाने जास्त फिरते, खालच्यात एक चतुर्थांशाने कमी, मधल्यात जसेच्या तसे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या हबमध्ये तेल वाळून डिंक झालेला असतो. हबवरच्या छोट्या झाकणातून आधी रॉकेल, मग पातळ मशीन ऑइल सोडून चाक फिरवत राहिले की आतल्या कुत्र्या (एकाच दिशेने अडवणाऱ्या खिट्ट्या) सुटतात आणि टिकटिक सुरू होते. ही टिकटिक वरच्या दोन गिअरांत ऐकू यायला हवी; खालच्यात हब गप्प असतो. ग्रीस मात्र चुकूनही कोंबू नये, कुत्र्या चिकटून बसतात.

गिअरची तार जुळवताना गिअर मधल्यावर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून आत पाहावे. तारेच्या टोकाच्या छोट्या साखळीला जोडलेल्या दांड्याचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवा. ही जुळवणी ढिली राहिली तर मधल्या आणि वरच्या गिअरच्या दरम्यान एक रिकामी जागा लागते आणि पायडल एकदम मोकळे फिरते. उभे राहून चढ मारत असताना हे झाले तर दांडीवर आदळणे ठरलेलेच.

आता रंग. इथे दोन पंथ आहेत. एक, सगळे खरवडून नवे कोरे करणारा. दुसरा, आहे ते जपणारा. पावडर कोटिंगला पाठवलेल्या सायकली जाड, प्लॅस्टिकसारख्या चकचकीत होऊन परततात. सोनेरी रेघा गेलेल्या, ट्रान्सफर (चिकटवलेली नावे-चिन्हे) गेलेले, जोडांच्या कडा बुजलेल्या. भट्टीत भाजलेला मूळचा काळा इनॅमल साठ-सत्तर वर्षांनंतरही साबणाच्या कोमट पाण्याने असा उजळतो की तो खरवडण्याची बुद्धी का व्हावी, हे कळत नाही. पाण्यानंतर हलके रबिंग कंपाउंड, तेही आधी चेनकव्हरच्या आतल्या बाजूला लावून पाहून, आणि शेवटी मेण. ट्रान्सफरला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, अक्षरे क्षणात विरघळतात. क्रोमवरच्या गंजाला घरातली ॲल्युमिनियम फॉइल पुरते. तिचा बोळा पाण्यात बुडवून घासला तर गंज निघतो आणि क्रोम ओरखडत नाही, कारण फॉइल त्याहून मऊ असते. सुटे नट-बोल्ट, वॉशर रात्रभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवावेत आणि सकाळी धुऊन लगेच तेलात घालावेत. हँडल, पायडल यांचे क्रोम मुळापासून गेलेले असेल तरच प्लेटिंगला द्यावे. सगळे भाग मुद्दाम काळे रंगवलेले दिसले तर ते दुसऱ्या महायुद्धातील टंचाईचे लक्षण असू शकते; त्यावर क्रोम चढवणे म्हणजे पुरावा पुसणे.

चाके हा भारतातल्या हौशी माणसाचा सर्वांत मोठा दिलासा. 28 बाय दीडचा टायर, दांड्यांच्या ब्रेकचे गुटके, वॉल्व्ह ट्यूब, पुढच्या चाकाचे 32 आणि मागच्याचे 40 आरे हे सगळे इथे अजून नव्याने बनते आणि तालुक्याच्या गावीही मिळते. मापात मात्र चूक नको. या टायरचे आतले माप 635 मिलिमीटर. आधुनिक सायकलींचा 28 म्हणून विकला जाणारा टायर 622 चा असतो आणि तो या रीमवर चढत नाही. तारेच्या ब्रेकच्या स्पोर्ट्‌स मॉडेलना 26 बाय एक तीन-अष्टमांशची चाके असतात, ती वेगळी. आरे नवे भरले की चाकाचा आउट काढण्यासाठी मुरलेला मिस्त्रीच लागतो. लेखकाने ते काम नारायण पेठेतल्या एका सत्तरीच्या मिस्त्रीकाकांकडे दिले. त्यांनी स्टँडला खडू टेकवला, चाक फिरवले, रीमवर उमटलेल्या पांढऱ्या रेघेकडे पाहत निपल पाव-पाव फेरा वळवले, आणि दीड तासात रेघ सलग झाली. डायल गेज त्यांनी कधी वापरलेला नव्हता.

चामड्याचे ब्रूक्स सीट सापडले तर नशीब. ते तेलात बुडवून मऊ करण्याचा मोह आवरावा, कारण तेलाने चामडे पसरते आणि पुन्हा ताठ होत नाही. खालच्या बाजूने चामड्याचे मेण चोळावे, नाकाखालचा बोल्ट फार तर अर्धा फेरा आवळावा आणि पावसात वर पिशवी बांधावी.

अशी सायकल चालवायची रीत वेगळी आहे. तिला पळवता येत नाही. चिमटा बराच कललेला आणि दोन चाकांमधले अंतर मोठे असल्यामुळे ती खड्ड्यांवरून तरंगत जाते, पण चटकन वळत नाही. लकडी पुलावरून डेक्कनला जाताना दुचाक्यांच्या गर्दीत मान ताठ ठेवून बसलेला माणूस सगळ्यांच्या डोक्यावरून पाहू शकतो, हा तिचा खरा फायदा. लॉ कॉलेज रस्त्याचा चढ खालच्या गिअरला सुखाने चढतो. उतारावर मात्र डोके ठिकाणावर ठेवावे लागते. दांड्यांचे ब्रेक रीमच्या आतल्या बाजूला लागतात आणि क्रोमची रीम ओली झाली की ते जवळजवळ नाहीसेच होतात. पावसाळ्यात म्हणून थोडे आधीपासून, थांबून थांबून दाबत यावे किंवा जून ते सप्टेंबर ती घरातच ठेवावी. खंडेनवमीला धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून तिला पुन्हा बाहेर काढण्याची लेखकाच्या घरची पद्धत त्यामुळे सोयीचीही आहे.

खर्चाचा विचार करता सायकल घेण्याच्या दुप्पट पैसे प्लेटिंग, टायर आणि मजुरीत जातात, आणि विकताना ते परत येत नाहीत. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. पहिली सायकल घेण्यापूर्वी तिथे एक सकाळ घालवली तर खरे-खोटे भाग ओळखायला डोळा तयार होतो. दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवायचीच असेल, तर जुळवाजुळव केलेली स्वस्तातली सायकल घ्यावी, तिला वाटेल तो रंग द्यावा, कोणाची हरकत नाही. मूळ रंगातली, एकहाती वापरलेली रॅले किंवा हंबर हाती आली आणि चालवायची नसेल, तर ती चालवणाऱ्याकडे जाऊ द्यावी.